शिक्षकांनी शिक्षकांसाठी जमवलेले जपायला हवे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांवरचा लेख वाचला. टिपणे आणि प्रश्नसंच व्हॉट्सअॅपच्या गटांतून मागून घ्यावे लागतात, गट बदलला की सगळे हरवते, असा उल्लेख त्यात ओघात येऊन गेला. माझे लक्ष तिथेच अडले, कारण हे हरवणे मी एकदा पाहिले आहे. मी पुणे विद्यापीठातून सांख्यिकीत एम.एस्सी. केले आणि लग्नानंतर कॅलिफोर्नियात गेले. १९९५ पासून चोवीस वर्षे तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत सांख्यिकी शिकवली. त्यातली पहिली आठ वर्षे तासिका तत्त्वावरच.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, हे इथे बहुतेकांना नीट ठाऊक नसते. दोन वर्षांचे सरकारी कॉलेज, फी कमी, आणि प्रवेशासाठी गुणांची अट नाही. पहिले इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ साली निघाले. इथून पदवीची पहिली दोन वर्षे करून पुढे विद्यापीठात जाता येते किंवा नर्सिंग, वेल्डिंग, हिशेबनिशी शिकून थेट कामाला लागता येते. माझ्या संध्याकाळच्या वर्गात रात्रपाळीच्या परिचारिका असत, सैन्यातून परतलेली मुले असत, तीन लेकरांच्या आया असत. बीजगणिताचे पुस्तक मिटून काहींना पंधरा वर्षे झालेली. मुलांना शिकवण्यापेक्षा हे काम अवघड आहे आणि त्याला साधनसामग्री जास्त लागते. माझ्यासारख्यांना तिकडे ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. सकाळी एका गावी, संध्याकाळी साठ किलोमीटरवर दुसऱ्या गावी. बसायला खोली नाही, गाडीची डिकी हेच कपाट. ग्रंथालये होती, पण मला वेळ मिळे तेव्हा ती बंद झालेली असत.

पहिल्याच वर्षी घरी मोडेम घेतला, म्हणजे फोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडणारे यंत्र. मुलगी झोपली की फोनची तार काढून त्याला लावायची. सांगलीहून आईचा फोन येण्याचा वार असेल त्या रात्री मात्र नाही, कारण तिला नुसता एंगेज टोन ऐकू आला असता.

तेव्हाच्या जालावर चित्रे कमी, शब्द जास्त. मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ मध्ये काढलेला ‘गोफर’ अजून चालू होता. पडद्यावर ओळींची यादी येई, एक ओळ निवडली की आत दुसरी यादी, आणि तिच्या आत कुठल्यातरी विद्यापीठातल्या कुणीतरी ठेवलेला पाठ. वेब आले आणि गोफर लवकरच मागे पडला. माझ्यासाठी महत्त्वाचे होते ते या याद्यांमागे असलेले माणूस. विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९९४ पासून ‘स्काउट रिपोर्ट’ निघत असे. दर शुक्रवारी ईमेलने येई. जालावर नवे काय आले ते ग्रंथपाल आणि विषयाचे जाणकार बघत आणि प्रत्येक ठिकाणाबद्दल एक परिच्छेद लिहीत: इथे काय आहे, कोणाच्या उपयोगाचे, कमी काय. मी तो छापून फाइलला लावत असे. पर्ड्यू विद्यापीठाची लेखन-प्रयोगशाळाही १९९४ मध्येच जालावर आली. इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना प्रकल्पाचा अहवाल कसा लिहावा ते मी तिथल्याच पानांवरून दाखवत असे. ती अजून चालू आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

‘आस्क-एरिक’बद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. एरिक हा अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा शैक्षणिक लेखांचा आणि अहवालांचा संग्रह, १९६६ पासूनचा. त्याची विषयवार केंद्रे विद्यापीठांतून चालत. कम्युनिटी कॉलेजांचे केंद्र लॉस एंजेलिसला कॅलिफोर्निया विद्यापीठात होते. १९९२ मध्ये सिराक्यूज विद्यापीठातून त्याला जोडून ईमेलवर प्रश्न विचारण्याची सोय झाली. शिक्षकाने प्रश्न पाठवायचा, ४८ तासांत उत्तर. मी विचारले होते: ज्यांना गणिताची भीती आहे आणि शाळा सोडून बरीच वर्षे झाली आहेत अशा प्रौढांना सांख्यिकी शिकवण्याची सुरुवात कुठून करावी? दुसऱ्या दिवशी उत्तर आले. दोन-दोन पानांच्या तीन सारांश-पुस्तिका, काही अहवालांचे क्रमांक, आणि त्यांतला आधी कोणता वाचावा हेही लिहिलेले. मला न ओळखणाऱ्या, माझ्या कॉलेजचे नावही न ऐकलेल्या कुणीतरी माझा प्रश्न नीट वाचला होता. आठ वर्षांत माझ्या कॉलेजांतल्या कुणी मला असा वेळ दिला नव्हता.

२००३ च्या अखेरीस ही केंद्रे बंद झाली आणि प्रश्न विचारण्याची सोयही गेली. कागदपत्रांचा संग्रह एका जागी आणून चालू ठेवला गेला आणि आजही तो विनामूल्य शोधता येतो. पण प्रश्न वाचून ‘आधी हे वाचा’ म्हणणारे कोणी तिथे उरले नाही.

माझ्या विषयातले आणखी दोन ठेवे सांगते. पहिला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सर्व्हरवर होता. त्याच्या नावाचा अर्थच ‘आकडे आणि गोष्टी यांचे ग्रंथालय’. प्रत्येक आकडेवारीसोबत ती कुठून आली आणि तिच्यातून काय विचारता येईल याची छोटी गोष्ट लिहिलेली असे. हॉट डॉगचा संच माझा सर्वांत लाडका. ५४ प्रकारचे हॉट डॉग, गोमांसाचे, मिश्र मांसाचे आणि कोंबडीचे, आणि प्रत्येकातल्या कॅलरी व सोडियम. कामावरून थेट येणारी माझी मंडळी वर्गाच्या दारात हॉट डॉग संपवूनच आत येत. कोंबडीच्या प्रकारात कॅलरी बऱ्याच कमी निघतात हे त्यांनी स्वतः आलेख काढून पाहिले आणि मग सोडियमचे काय, हा प्रश्न त्यांच्यातल्याच एकीने विचारला. ज्या बाईंना सरासरी या शब्दाने घाम फुटत असे, त्या त्या रात्री प्रमाण विचलनावर, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत याच्या मापावर, वाद घालत होत्या.

दुसरा ठेवा ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेले छोटे खेळ जालावर ठेवले. त्यातल्या एकात माउसने पडद्यावर हवा तसा वेडावाकडा आलेख काढायचा. मग त्यातून पाच-पाच, पंचवीस-पंचवीस आकड्यांचे नमुने उचलायचे, आणि त्यांच्या सरासऱ्यांचा ढीग खाली वाढताना बघायचा. वरचा आलेख कसाही असो, खाली हळूहळू घंटेचा आकार तयार होतो. सेंट्रल लिमिट थिअरम फळ्यावर मी किती वर्षे समजावली! या खेळापुढे वर्ग दहा मिनिटांत गप्प झाला आणि मागच्या बाकावरचा एक वेल्डर उठून म्हणाला, पुन्हा करा, या वेळी आलेख मी काढतो. पुढे ब्राउझरांनी जावा चालवणे बंद केले. क्रोमने २०१५ मध्ये केले. राइसच्या लोकांनी आपले खेळ नव्याने लिहिले, म्हणून ते वाचले. माझ्या फाइलमध्ये अशा वीस-बावीस खेळांचे पत्ते होते, वेगवेगळ्या कॉलेजांतल्या शिक्षकांनी रात्री जागून केलेले. त्यातले बहुतेक आज मिळत नाहीत. शिक्षक निवृत्त झाला, कॉलेजने सर्व्हर बदलला, की पान जाई, आणि कुणाला कळतही नसे. मी शिकवलेल्या एका कॉलेजने संकेतस्थळ नवे करताना आम्हा शिक्षकांची सगळी पाने एका सुट्टीत काढून टाकली. माझी अकरा वर्षांची उदाहरणे त्यात गेली. आधी एक ईमेल आली असती तरी मी ती उतरवून घेतली असती.

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये मोजून सांगितले की २०१३ साली जालावर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी मिळत नव्हती. इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून पानांच्या प्रती ठेवत आले आहे, आणि २००१ पासून त्या कोणालाही पाहता येतात. माझ्या पानांपैकी तीन मला तिथे सापडली. मजकूर होता, पण आकडेवारीच्या फायली नव्हत्या.

जे टिकले ते का टिकले, हेही पाहण्यासारखे आहे. क्युपर्टिनोच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजातल्या बार्बरा इलोव्स्की आणि सुसान डीन यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी सांख्यिकीचे पुस्तक लिहिले होते. मॅक्सफील्ड फाउंडेशनने त्याचे हक्क विकत घेतले आणि २००८ मध्ये ते राइस विद्यापीठाच्या ‘कनेक्शन्स’ या मुक्त पाठ्यसाहित्याच्या संकेतस्थळावर सर्वांना फुकट खुले झाले. २०१३ मध्ये त्यावरूनच राइसच्याच ओपनस्टॅक्स या मुक्त पाठ्यपुस्तकांच्या प्रकल्पाचे पाठ्यपुस्तक निघाले. माझ्या विद्यार्थ्यांना तोवर एका पुस्तकाला शंभर डॉलरहून जास्त मोजावे लागत. कित्येक जण पुस्तक न घेताच सत्र काढत. त्या पुस्तकाला जबाबदार संस्थेचे घर मिळाले, आणि कोणीही वापरा, बदला, वाटा, अशी परवानगी लेखी मिळाली. शिक्षकाच्या खासगी पानाला यातले काहीच नव्हते.

आता आपल्याकडचे. मराठीतून शिकवणाऱ्यांनी जालावर काय काय केले आहे! जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे ब्लॉग, २०२० च्या टाळेबंदीत फोन टेकवून चित्रित केलेले विज्ञानाचे धडे, स्वाध्यायांचे संच. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांतून विज्ञान आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तके मुक्त आहेत. मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो. पण तालुक्याच्या गावी पहिल्यांदा वर्गावर उभ्या राहणाऱ्या मुलीला यातले कोणते तिच्या उद्याच्या तासाला चालेल, हे सांगणारा परिच्छेद कुठे आहे? एआयच्या यंत्राला विचारले तर ते घडाघडा सांगेल. तो पाठ वर्गात खरेच कुणी करून पाहिला आहे का, हे त्यात नसेल.

म्हणून आपल्याकडे एक मागणे आहे. आपल्या शिक्षण पानावर दर आठवड्याला पाव रकाना द्या. त्यात मराठीतल्या एकाच मुक्त शैक्षणिक साधनाची ओळख असावी, आणि ती वर्गात ते वापरलेल्या शिक्षकानेच लिहावी: कोणत्या इयत्तेला, किती वेळ लागतो, कुठे अडते. शेवटी पत्ता, आणि त्या पानाची प्रत इंटरनेट आर्काइव्हमध्ये ठेवली आहे की नाही याची एक ओळ. प्रत ठेवायला एक-दोन मिनिटे लागतात, पैसे लागत नाहीत. विद्यापीठांच्या ग्रंथालयांनाही विनंती आहे की निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला निरोप देताना त्याचे डिजिटल साहित्य परवानगीसह मागून घ्यावे.

माझी छापील फाइल अजून आहे, दोनशेच्या वर पाने. या रकान्यासाठी सांख्यिकीचे पहिले चार मजकूर मी लिहून या पत्रासोबत पाठवत आहे. पहिला सरासरीवर आहे. त्यात हॉट डॉगच्या जागी वडापाव घेतला आहे आणि कॅलरीचे आकडे सध्या कोरे सोडले आहेत. एखाद्या कॉलेजातल्या मुलांनी ते स्वतः मिळवून भरावेत.

आपली,
एक निवृत्त सांख्यिकी शिक्षिका
कोथरूड, पुणे