ढोलाशिवायची लय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गंगापूर धरणाच्या बाजूला शनिवार-रविवारी वाइनचे जे कार्यक्रम होतात, त्यांच्या जाहिरातींत ‘कूल जॅझची संध्याकाळ’ हे शब्द हल्ली वारंवार दिसतात. तिथे वाजतो तो बहुतेक वेळा ‘स्मूथ जॅझ’. खाली मशीनचा ठेका, वर गुळगुळीत सॅक्सोफोन, आणि गप्पांच्या आड येणार नाही इतपत आवाज. वाजवायला हरकत नाही, पण नाव चुकतंय. स्मूथ जॅझ हे 1980 च्या दशकात अमेरिकी रेडिओवर रूढ झालेलं लेबल. कूल जॅझ त्याच्या तीस वर्षं आधीचा, 1949-50 च्या सुमारास ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या नऊ जणांच्या ताफ्यातून आणि पियानोवादक लेनी ट्रिस्टानोच्या मंडळींतून पुढे आलेला. त्यात स्वर फार थरथरवायचा नाही, फुंक आटोक्यात ठेवायची आणि दोन-तीन सुरावटी एकमेकींना वाट देत एकाच वेळी चालवायच्या. हे संगीत हळू आवाजात वाजतं ते नीट ऐकलं जावं म्हणून. पाठीमागे लावून ठेवण्याची ती चीज नाही.

याचा चांगला नमुना म्हणून एका रेकॉर्डकडे वाचकांचं लक्ष वेधायचं आहे: जिमी जूफ्री यांची ‘वेस्टर्न सूट’. ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कमध्ये 3 डिसेंबर 1958 रोजी झालं, कंपनी अटलांटिक. वादक तीनच. जूफ्री क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनवर, बॉब ब्रुकमायर व्हॉल्व्ह ट्रॉम्बोनवर, जिम हॉल गिटारवर. ड्रम नाही, डबल बासही नाही. जॅझमध्ये ही दोन वाद्यं काढून टाकणं म्हणजे आपल्याकडे तबला आणि तानपुरा दोन्ही उचलून नेण्यासारखं. ज्या गावाच्या नावाने ढोल ओळखला जातो तिथल्या कानांना तर हे जास्तच चमत्कारिक वाटेल. (ढोलाशी आमचं भांडण नाही. पथकाच्या सरावाच्या मैदानापासून दोन गल्ल्या लांब असलो म्हणजे झालं.)

जूफ्री एका रात्रीत इथवर पोचले नव्हते. 1947 मध्ये वूडी हर्मनच्या मोठ्या बँडसाठी ‘फोर ब्रदर्स’ लिहिणारा हाच माणूस. 1955 च्या ‘टँजंट्स इन जॅझ’मध्ये त्यांनी बास आणि ड्रमला सतत ठेका धरण्याच्या कामातून मोकळं केलं आणि त्यांच्याकडून सुरावटीचं काम करून घेतलं. 1956 च्या डिसेंबरमधल्या ‘द जिमी जूफ्री 3’मध्ये ड्रम गेला, राल्फ पेन्यांचा बास उरला. 1958 च्या त्रिकुटात तोही गेला. अशा मांडणीची प्रेरणा फ्रेंच संगीतकार देब्यूसीच्या बासरी, व्हिओला आणि हार्पच्या सोनाटातून मिळाल्याचं जूफ्री स्वतः सांगत. त्या सोनाटातही तीन वेगळ्या जातींचे आवाज आहेत आणि चौथा कोणी ठेका धरायला नाही.

मग लय धरतो कोण? सतारीवर आलापानंतर येणारा जोड आठवा. तबला सुरू झालेला नसतो, तरी लय स्पष्ट लागते. फरक असा की जोडात लय असते, आवर्तन नसतं. या रेकॉर्डवर ‘ब्लू मंक’सारख्या चिजेत आवर्तनसुद्धा पक्कं आहे, फक्त ते वाजवून दाखवणारं कोणी नाही. तिघांच्याही डोक्यात ते एकाच वेळी फिरत असतं. हॉल कधी खालच्या तारांवर बासचं काम करतात, कधी तुटक कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर) मारतात, आणि बरेचदा सरळ गप्प बसतात. ती गप्प बसण्याची जागा कशी निवडली आहे, तिकडे कान ठेवावा.

सुरुवात दुसऱ्या बाजूच्या ‘ब्लू मंक’पासून करावी, पहिल्या बाजूच्या सूटपासून (अनेक भागांच्या सलग रचनेपासून) नको. पियानोवादक थेलोनियस मंक यांची ही बारा बारांची ब्लूज. एका बारात चार मात्रा, म्हणजे आवर्तन 48 मात्रांचं. मुखडा सरगमात सहज पकडता येतो. पहिल्या बारात ग, म, तीव्र म, प अशी अर्ध्या-अर्ध्या स्वराने चढण. दुसऱ्यात तीच चढण वरच्या जागेवरून: ध, कोमल नि, शुद्ध नि, सा. पाचव्या बाराला कॉर्ड मध्यमावर सरकते, नवव्याला पंचमावर, शेवटी षड्जावर परत. दोन आवर्तनं बोटांवर मोजा. तिसऱ्यापासून मोजणं सोडून द्या आणि पाचवा बार आला की तो कळतो का ते बघा. कळला, की ड्रमची उणीव भासायची थांबते. मोजताना हमखास होणारी चूक म्हणजे सम जोरात येईल म्हणून वाट बघत बसणं. ती इथे जोरात येत नाही, कॉर्ड बदलते तेवढीच खूण.

त्यानंतर ‘टॉप्सी’. मूळची काउंट बेसीच्या बँडने 1937 मध्ये गाजवलेली, एडी डरहॅम आणि एडगर बॅटल यांची रचना. जी चीज अख्ख्या बँडने वाजवली ती तिघंच अकरा मिनिटांच्या घरात फुलवतात. एक जण पुढे आला की बाकीचे दोघे मागे छोट्या ओळी विणतात आणि मोठ्या बँडच्या विभागांचा भास होतो. सूट सगळ्यात शेवटी ऐकावी. ‘पोनी एक्स्प्रेस’, ‘अपाचीज’, ‘सॅटर्डे नाइट डान्स’ आणि ‘बिग पाव वाव’ हे चार भाग सलग, त्याच क्रमाने. फोनवर ‘शफल’ चालू असेल तर तेवढ्यानेच सूटचा विचका होतो.

आता हे ऐकून ‘यात काहीच घडत नाही’ असं का वाटतं, त्याबद्दल. बहुतेक वेळा दोष मोबाइलच्या स्पीकरचा असतो. आपल्या लग्नाच्या बँडमधली क्लॅरिनेट वरच्या सप्तकात किंचाळते. जूफ्री मुद्दाम खालच्या सप्तकात, हवा मिसळलेल्या सुरात वाजवतात. नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा सूर सुमारे 147 हर्ट्झचा. ही नळी एका टोकाला बंद असल्यासारखी वागते, म्हणून खालच्या सप्तकात दुसरा अंशस्वर (मूळ सुराबरोबर आपोआप वाजणारा वरचा सूर), 294 चा, क्षीण असतो आणि तिसरा, 441 चा, ठळक. मोबाइलचा स्पीकर तीनशे-चारशे हर्ट्झच्या खाली जवळपास मुका होतो. म्हणजे मूळ स्वर गेला, त्याचा वरचा जोडीदार मुळातच अशक्त, आणि हाती राहते एक पोकळ शिट्टी. गिटारची सर्वांत जाड तार तर 82 हर्ट्झला लागते. हॉल यांचं बासकाम म्हणजे या रेकॉर्डचा पाया, आणि तोच ऐकू येत नाही.

उपाय साधे आहेत. तारेचा बरा हेडफोन किंवा दोन स्पीकर घ्यावेत. ‘बास बूस्ट’ बंद ठेवावा, नाहीतर गिटार गुमायला लागते आणि क्लॅरिनेट तिच्याखाली बुडते. पंखा बंद करावा. त्याची घरघर याच हलक्या फुंकीवर नेमकी बसते. आणि आजच्या गाण्यांच्या यादीत ही रेकॉर्ड मिसळू नये. नवी गाणी मुद्रणातच मोठ्या आवाजाची असतात. त्यातलं एखादं कानावर आदळलं की हात आपोआप आवाज कमी करतो, आणि मग पुढचा जूफ्री संपतो. ज्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर आहे आणि मोनो प्रत हाती लागली आहे, त्यांनी अँप्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबावं. सुईच्या वर-खाली हालचालीतून येणारी खरखर बरीच कमी होते. एप्रिल-मेच्या नाशिकच्या उन्हात प्रती आडव्या रचून ठेवू नयेत, वाकतात. उभ्या ठेवाव्यात आणि खिडकीपासून लांब.

ही रेकॉर्ड मागे का पडली, याचं कारण आम्हाला तरी तिच्या वेळेत दिसतं. पुढच्याच वर्षी, 1959 मध्ये, माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ आणि डेव्ह ब्रुबेकची ‘टाइम आउट’ यांचं मुद्रण झालं आणि सगळ्या गप्पा त्यांच्याभोवती फिरू लागल्या. खुद्द जूफ्रींच्या कामातही ती दोन प्रसिद्ध गोष्टींच्या मधे चेपली गेली. तिच्या आधी ‘द ट्रेन अँड द रिव्हर’ ही चीज, जी 1958 च्या न्यूपोर्ट महोत्सवावरच्या ‘जॅझ ऑन अ समर्स डे’ या माहितीपटाच्या सुरुवातीला हेच तिघे वाजवतात. तिच्यानंतर पॉल ब्ले (पियानो) आणि स्टीव्ह स्वालो (बास) यांच्याबरोबरचं 1961 चं धाडसी त्रिकूट, ज्याचं समीक्षकांना जास्त कौतुक. आमच्या मते त्या धाडसाची तालीम ‘वेस्टर्न सूट’मध्येच झाली आहे, आणि ऐकायला ती कितीतरी सोपी आहे.

आपल्या रविवार पुरवणीत परदेशी संगीतावर मजकूर येतो तेव्हा वादकांची नावं, वाद्यं आणि मुद्रणाची तारीख एवढ्या तीन गोष्टी तरी छापाव्यात, ही विनंती. ‘सुमधुर’ आणि ‘अवीट’ या शब्दांनी जेवढी जागा जाते तेवढीच लागेल. आणि वाइनरीवाल्यांना कूल जॅझ लावायचाच असेल, तर पाहुणे येण्याआधी, खुर्च्या मांडून झाल्यावर, वाढप्यांसाठी लावावा. त्या अर्ध्या तासात ग्लासांचा आवाज नसतो.

आपले,
दोन वाचक, गंगापूर रोड, नाशिक