अंथरूण आमच्याच गावात विणतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी 'यंदा दिवाळीत सहली टाळा' असे कळकळीने लिहिले होते. शेवटी 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण होती. चादरी विणणाऱ्या सोलापूरला अंथरुणाची म्हण ऐकवायची, याचे आधी हसू आले. पण पत्र खोटे नव्हते. आमच्या घरात महिनाभर हाच वाद चालू आहे, म्हणून लिहिते.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिते. यजमानांचा छोटा टेम्पो आहे. सुताच्या गाठी आणायच्या, तयार माल ट्रान्सपोर्टला पोचवायचा. म्हणजे नवऱ्याची आणि बायकोची, दोघांचीही कमाई टॉवेलातून. सोलापुरात हे नवे नाही. शेजारच्या घरी नवरा यंत्रमागावर, बायको टॉवेलाच्या शिलाईवर, दीर डाइंगमध्ये. पैशाच्या सल्ल्याचे लेख 'घरात दोघे कमावते असले की एकाची नोकरी गेली तरी दुसऱ्याची असते' असे सांगतात, तेव्हा त्या लेखकांनी आमचा यंत्रमागांचा पूर्व भाग पाहिलेला नसतो. इथे माग थांबला की दोन्ही पाकिटे एकाच महिन्यात हलकी होतात.

आता सहलीचे. भाऊबीज आटोपली की पाचही जणांनी कन्याकुमारीला जायचे ठरले होते, मधे रामेश्वर. पुण्याहून कन्याकुमारीला जाणारी गाडी आपल्या सोलापूरवरून जाते, बदलाबदली नाही. रेल्वेचे आरक्षण हल्ली साठ दिवस आधी उघडते. त्या हिशेबाने 26 ऑगस्ट 2025 ला सकाळी आठच्या ठोक्याला मी मोबाइल घेऊन बसले आणि थर्ड एसीची पाच तिकिटे मिळवली. घरात जल्लोष. दुसऱ्या दिवशी, 27 ऑगस्टला, गणपती बसले आणि त्याच दिवसापासून अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के आयातशुल्क लागू केले. आमच्या कारखान्याचा निम्मा माल तिकडे जातो. आरतीच्या वेळी मालकांचा चेहरा पाहिला आणि मी मनात तिकिटांचा विचार केला, हे कबूल करते. परतीची तिकिटे पुढे उघडली, तीही काढली. आशा सुटत नाही.

त्यानंतर तिसरी पाळी बंद झाली. तयार माल गोदामात पडून, खरेदीदार म्हणतो आधी भाव कमी करा. बोनस कायद्याप्रमाणे 8.33 टक्के मिळेल, पण दोन हप्त्यांत. यजमानांच्या टेम्पोला आठवड्याला चार-पाच फेऱ्या होत्या, आता एखादी. त्यात सप्टेंबरात सीना नदीला पूर आला आणि माहेरची ऊस-सोयाबीन पाण्यात गेली. भाऊबीजेला ओवाळणी घ्यायची की द्यायची, असे यंदाचे दिवस आहेत.

सहलीचा अंदाज 58,000 रुपये होता आणि तो भिशीतून भागणार होता. वीस जणींची भिशी, महिना तीन हजार. आमचा नंबर ऑक्टोबरात, नववा. साठ हजार हातात येणार म्हणून सगळे खुशीत होते. मी धंद्याने हिशेबनीस, तरी मलाही हे उशिरा सुचले की भिशी उचलली म्हणजे पैसे कमावले असे होत नाही. उरलेले अकरा हप्ते, 33,000 रुपये, मला भरायचेच आहेत. भिशी लवकर उचलून फिरून येणे म्हणजे कर्ज काढून फिरणेच की, फक्त व्याज नाही आणि वसुलीला मैत्रिणी येतात.

मग एका रात्री वही घेऊन बसले. घरखर्च, टेम्पोचा हप्ता, भिशी धरून महिना 31,000 लागतात. माझा पगार 16,000. टेम्पो पूर्ण थांबला तर दर महिन्याला 15,000 कमी पडणार. शिल्लक 90,000, भिशी मिळून दीड लाख. सहल न केल्यास दहा महिने निघतील. पूर्ण सहल केली तर सहा. आणि माझाही पगार थांबला तर? सहल न करता पाच महिनेही धड नाहीत, करून तीनही नाहीत. हा आकडा पाहिल्यावर मला पुढे वाद घालायची गरज उरली नाही.

पण आजूबाजूचे बोलतातच. कारखान्यातला एक जण म्हणाला, 22 सप्टेंबरपासून हॉटेलच्या खोलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, आता फिरायचे नाही तर कधी? आम्ही दीड हजाराची खोली घेणारी माणसे. दिवसाला 105 रुपये वाचतील. दुसऱ्याने ट्रॅव्हल्सवाल्याची योजना आणली, आता फिरा, वर्षभर हप्त्याने फेडा. टेम्पोच्या हप्त्याने झोप उडालेल्या घरात आणखी एक हप्ता, तोही परत आल्यावर फोटोंशिवाय काही न उरणाऱ्या गोष्टीसाठी. त्या कागदाच्या मागे मी किराण्याची यादी लिहिली.

इथपर्यंत मी त्या पत्रलेखकांच्याच बाजूची होते. पाचही तिकिटे रद्द करायला घेतली. यादीत नावे एकाखाली एक येतात, पुढे वय. माझे 43, यजमानांचे 47, मुलीचे 15, मुलाचे 11. सासूबाईंचे 69. त्या आकड्यावर बोट थांबले.

सासूबाईंनी चाळीस वर्षे विड्या वळल्या. सूप मांडीवर, पान, तंबाखू, दोरा आणि हजारामागे मजुरी. कुंभारीचे हे घर विडी कामगारांच्या घरकुलातले, त्यांच्याच नावावर आहे, आम्ही त्यांच्या घरात राहतो. फिरणे म्हणाल तर पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. समुद्र पाहिलेला नाही. माझ्या मुलाने मोबाइलवर त्यांना कन्याकुमारीचा तो काचेचा पूल दाखवला, विवेकानंद शिला आणि तिरुवल्लुवरांच्या पुतळ्याला जोडणारा, डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेला. तेव्हापासून त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, सूर्य पाण्यातून निघतो आणि पाण्यातच बुडतो म्हणे. गुडघे गेले आहेत, पण अजून काठी घेऊन चालतात. अजून.

मुलगी दहावीत आहे. खरे सांगायचे तर क्लास बुडत नाही म्हणून तिला सुटल्यासारखे वाटले. मुलगा दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी मॅच खेळायला गेला. मुलांना समुद्राचे वय पुढे भरपूर आहे. यजमानांचा टेम्पो दारात उभा, म्हणजे ते आठवडाभर गेले तरी कमाई बुडत नाही. मी गेले तर बुडते.

तेव्हा ठरले असे : तीन तिकिटे रद्द, दोन ठेवायची. यजमान आणि त्यांची आई जातील. जाता-येता मिळून सहा तिकिटे रद्द होतात. यंदाच्या, म्हणजे 2025 च्या, नियमाप्रमाणे गाडी सुटायच्या 48 तास आधी केल्यास थर्ड एसीला माणशी 180 रुपये आणि वर जीएसटी कापतात. नंतर केल्यास पाव भाडे जाते, आणखी उशीर केल्यास निम्मे. दिवाळीच्या गडबडीत पुष्कळ जण इथे फसतात, म्हणून मुद्दाम लिहिते. रामेश्वर गाळले. खर्च 18,000 च्या आत बसतो. मार्च 2020 पर्यंत 58 वर्षांवरील स्त्रियांना तिकिटात निम्मी सवलत होती, ती चालू असती तर आणखी थोडा कमी झाला असता. एक धास्ती पावसाची. आपला पाऊस संपतो तेव्हा तिकडचा सुरू होतो आणि समुद्र खवळला की शिलेकडची बोट बंद ठेवतात. म्हणून तिथे तीन मुक्काम धरले आहेत.

शेजारणी विचारतात, "नवरा आईला घेऊन चालला आणि तुम्ही घरीच?" विचारू देत. मुलांना एक दिवस नळदुर्गला नेणार आहे. यंदा पाऊस दांडगा झाल्याने किल्ल्यातला नर-मादी धबधबा अजून पडतो आहे, एसटीने तासाभराची वाट, डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी. फार गोड रंगवून सांगत नाही. मुलाला कन्याकुमारीच हवी होती आणि तो ते बोलून दाखवणार आहे.

सासूबाईंना सांगितले तेव्हा आधी "मला कशाला नेता, पोरांना न्या की," झाले. मग बराच वेळ गप्प. नंतर आत येऊन विचारले, "एका तिकिटाच्या किती हजार विड्या होतात गं?" मी हिशेब केला, पण आकडा सांगितला नाही. चष्म्याच्या डब्यात तिकिटाची छापील प्रत ठेवून दिली आहे त्यांनी.

आपली,
एक वाचक
कुंभारी, जि. सोलापूर