वकिलाने कोणाला सांगायचे?

कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, म्हणजे बाररूममध्ये, माझ्या शेजारी बसणारा ज्युनिअर वकील दोन महिने डबा न उघडताच घरी नेत होता. आम्ही मात्र रोज ‘आज बोर्ड किती?’ (म्हणजे आज किती खटले लागलेत) एवढेच विचारत राहिलो. दिवसभर पक्षकारांचे दुःख ऐकणाऱ्याला स्वतःचे सांगायची चोरी, कारण बोभाटा झाला तर कामे जातात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 मध्ये ज्युनिअरना शहरात दरमहा 20 हजार, ग्रामीण भागात 15 हजार रुपये देण्याची शिफारस केली; इथे अनेकांचे एसटीचे भाडेही सुटत नाही. वकील संघाने नोटीस बोर्डावर ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक लावावा. आणि कोणी खचला, तर त्याच्या तारखा आपण सांभाळाव्यात, फी त्यालाच द्यावी.

– एक वकील, सातारा