एक वर्ष उशिरा येते

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती, म्हणून पत्र. दादाकडून प्रिंट काढून घ्या, मोबाइलवर डोळे ताणू नका.

माझी इथली, इंग्लंडमधली एम.एस्सी. या सप्टेंबरात संपणार होती, ती एक वर्ष लांबली. आमच्या सस्टेनेबिलिटीच्या कोर्सला मध्ये वर्षभराची पगारी प्लेसमेंट, म्हणजे कंपनीत प्रत्यक्ष काम, घेता येते. मी घेतली. सहीसुद्धा झाली.

सक्तीची नाही, हे आई विचारायच्या आधीच सांगते. पण इथे नोकरीला इथलाच अनुभव विचारतात, माझा बुटीबोरीच्या नोकरीचा अनुभव कोणी धरत नाही. कोर्सचाच भाग असल्यामुळे विद्यार्थी व्हिसाची आठवड्याला २० तासांची अट या कामाला लागत नाही, त्यामुळे पगार पूर्ण वेळेचा. लोनचं व्याज मीच भरेन. बाबा, एफडी मोडायची नाही.

काम कंपनीच्या कार्बनच्या हिशेबाचं. डिझेल किती जाळलं, वीज किती घेतली, माल कुठून आला, सगळं बिलं पाहून मांडायचं. मुलाखतीत विचारलं, या विषयाकडे कशी वळलीस? बाबा, मी तुमचं कोराडीचं कोळशाचं वीजकेंद्र सांगितलं. क्वार्टरच्या दोरीवरचे कपडे आई राख झटकून घडी करायची ते, आणि नागपूरच्या भांडेवाडीचं सांडपाणी शुद्ध होऊन ६६० मेगावॅटच्या युनिटांना जातं, हे तुम्ही सांगितलेलं तेही. इंग्लंडचं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र २०२४ मध्ये बंद झालं, पण बाबा, मी तुमच्या प्लांटला नावं ठेवत नाही हं. त्याच पगारावर शिकले. नाइट शिफ्टहून आल्यावर तुमच्या डब्यात माझ्यासाठी ठेवलेला अर्धा लाडू असायचा. तुम्ही तो मुद्दाम उरवायचे, हे मला तेव्हाही कळायचं.

आई, खाण्याचे हाल नाहीत. तूर डाळ मिळते, कुकर आहे, तुझा काळा मसाला अजून पुरतो आहे. खोलीत हीटर आहे, पायमोजे घालूनच झोपते. लाडवांचं पार्सल करू नकोस, कुरिअरलाच जास्त पैसे जातात.

आता नीट ऐका. कूलरची खस होळीच्या आत बदलून घ्या. टाकीत पाणी पाइपाने भरायचं, बाबांनी बादल्या उचलायच्या नाहीत. "आज बरं वाटून राहिलं" म्हणून बीपीची गोळी चुकवायची नाही. बँकेत सकाळीच जायचं, मेट्रोने. स्कूटर दादाच्या अंगणात राहू द्या. नवतपाच्या उन्हात दुपारी दाराबाहेर पाय नाही. आई, गुडघा दाखवायचं तू टाळते आहेस, मला सगळं कळतं. रागावून नाही लिहिलं गं.

डिसेंबरात सुटी मिळाली आणि तिकीट परवडलं तर येईन. नक्की धरू नका. आत्याला मी स्वतः फोन करते. वर्ध्याच्या स्थळाच्या मंडळींना मात्र बाबांनी या रविवारीच "नाही" कळवून टाकावं. ते वर्षभर थांबणार नाहीत, आणि त्यांनी थांबावं असं मलाही वाटत नाही.

तुमची,
छोटी