सेवाशुल्काचे दहा टक्के म्हणजे किती?

महोदय,

स्वतःचे घर भाड्याने दिले तर सोसायटीने त्याबद्दल किती शुल्क घ्यावे, याविषयी हे पत्र.

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या वन बीएचकेत आम्ही चौदा वर्षे राहिलो. गेल्या वर्षी सासऱ्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि सासू-सासऱ्यांना साताऱ्याहून कायमचे इकडे आणायचे ठरले. माणसे पाच, खोल्या दोन. मुलगी दहावीला; ओट्याशेजारी फोल्डिंगचे टेबल टाकून अभ्यासाला बसायची आणि कुकर उघडायच्या वेळी वह्या उचलायची. शेवटी धायरीला तीन बेडरूमचे रीसेलचे घर घेतले.

जुने विकून टाका, असे घरात सगळ्यांचेच मत होते. पण त्याचे कर्ज फिटलेले आणि त्यातले निम्मे हप्ते माझ्या पगारातून गेलेले. नव्या घराचे कर्ज ५० लाख, २० वर्षांचे, साडेआठ टक्क्यांनी. हप्ता ४३,४०० रुपये. जुन्या घराचे १६,००० भाडे आले तर हा हप्ता झेपतो, नाहीतर नाही. भाड्याने घर देणाऱ्याला सोसायटीत ‘इन्व्हेस्टर’ म्हणतात. आमच्यासारखे इन्व्हेस्टर महिन्याच्या पंचवीस तारखेला भाजीच्या पिशवीत हात घालताना पाहावेत.

भाडेकरू मिळाल्या, एका रुग्णालयातल्या दोन परिचारिका. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याचा करार नोंदवणे कायद्याने सक्तीचे आहे, तो केला. अकरा महिन्यांच्या करारासाठी मुद्रांक शुल्क साडेचारशेच्या आसपास आणि नोंदणी फी १,००० रुपये. एजंट घरी येऊन अंगठे घेऊन गेला, पोलिसांना माहिती दिली. म्हणजे सरकारदरबारी काम दीड हजारात उरकले आणि गाडी अडली ती सोसायटीच्या ऑफिसात. तिथे ‘ना हरकत’ दाखल्याचे ५,००० रुपये आणि दरमहा १,३०० रुपये नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून घ्यायचे बिनभोगवटा शुल्क, मागितले. वर सल्लाही मिळाला, “मुली नकोत, फॅमिली बघा.” रात्रपाळी करून आलेल्या नर्सचा शेजाऱ्यांना काय उपद्रव होतो, ते मात्र कोणी सांगितले नाही.

राज्य सरकारने १ ऑगस्ट २००१ रोजी सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ खाली आदेश काढला. त्यानुसार हे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही २००७ मध्ये ही मर्यादा उचलून धरली. इथे ‘सेवाशुल्क’ हा शब्द नीट वाचायला हवा. आमचे मासिक बिल २,६०० रुपयांचे आहे. त्यातून पाणीपट्टी, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक), दुरुस्ती निधी आणि पार्किंग वजा केले, की वॉचमन, झाडलोट, जिन्यातले दिवे, ऑफिसखर्च असे सेवाशुल्क उरते १,४५० रुपये. त्याचे दहा टक्के १४५. कमिटी घेते बिलाच्या निम्मे. शिवाय आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीनुसार, भाडेकरू ठेवायला संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचे आणि करार व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची. मग हे ५,००० कसले?

भाडेकरू सभेला येत नाहीत, सामान चढवताना लिफ्टला ओरखडे पडतात, या तक्रारी मला मान्य आहेत. नुकसान झाले तर जरूर भरून घ्यावे. घरात स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिल्यावर ती जाते, तेही मी निमूट सोसणार आहे.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. बिलाच्या निम्मे शुल्क घेण्याचा ठराव २०१६ सालचा आहे आणि तेव्हा मी कमिटीवर होते. चौथ्या मजल्यावरचे कुटुंब अमेरिकेला गेले होते, फ्लॅट भाड्याने दिला होता. “त्यांना काय कमी आहे, डॉलरमध्ये कमावतात,” असे कोणीतरी म्हणाले, आम्ही सगळे हसलो आणि चहा येण्याआधी ठराव मंजूर झाला. सरकारचा आदेश कोणी वाचला नव्हता. मीही नाही. सर्वसाधारण सभेने एकमताने केला तरी असा ठराव आदेशाच्या वर जात नाही, हे मला आता कळले, स्वतःच्या दाराशी आल्यावर.

सोसायट्यांचे लेखापरीक्षण दरवर्षी होतेच. लेखापरीक्षकाने हा एक आकडा सेवाशुल्काशी ताडून पाहावा आणि जास्तीची वसुली दिसली तर अहवालात लिहावे, एवढी सूचना सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयांनी दिली तरी पुष्कळ घरमालकांची हेलपाट्यांतून सुटका होईल.

जुने घर दीड महिना रिकामे आहे. दर रविवारी जाऊन मी नळ सोडून येते. दोघी परिचारिका अजून मैत्रिणीच्या खोलीवर सामान ठेवून आहेत. येत्या वार्षिक सभेत २०१६ चा ठराव रद्द करावा, असा अर्ज मी दिला आहे. त्या ठरावाची अनुमोदक मीच होते, हेही त्यात लिहिले आहे.

– एक सभासद, सिंहगड रस्ता, पुणे