बीप वाजला म्हणजे ट्रॅक धड असतोच असं नाही : एक जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

स.न.वि.वि.

अमिगा २००० या जुन्या संगणकाच्या, बॅटरी गळून खराब झालेल्या मदरबोर्डच्या दुरुस्तीसाठी तुम्ही हाताने आखून दिलेला तक्ता आणि त्यासोबतच्या सूचना यांबद्दल तुमचे मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण हे मशीन ज्यांच्याकडे आहे त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला हे दुखणं आज ना उद्या येणारच. कमोडोरने १९८७ मध्ये बाजारात आणलेल्या या संगणकात घड्याळासाठीची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट बोर्डावर सोल्डर केलेली आहे, आणि तीही प्रोसेसरच्या शेजारी. ती गळायला लागली की ६८००० चं, म्हणजे त्या प्रोसेसरचं, सॉकेट आधी धारातीर्थी पडतं.

बॅटरी गळली की ‘ॲसिड सांडलं’ असं सर्रास म्हटलं जातं आणि कुणीतरी खायचा सोडा घेऊन धावतं. तुमच्या सूचनांची सुरुवातच हा गैरसमज खोडून होते, हे फार बरं झालं. सांडलेलं असतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली, आम्लाच्या नेमकी उलट. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं, तीच ती पांढरी भुकटी. त्यावर उतारा सौम्य आम्लाचा. आधी बॅटरी कापून बाहेर काढायची, सॉकेटमधल्या चिप उचलायच्या, मग ५ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर टूथब्रशने लावायचं. फेस थांबेपर्यंत घासायचं, पण बोर्ड त्यात रात्रभर भिजत ठेवायचा नाही, कारण व्हिनेगर तांब्यालाही सोडत नाही. त्यानंतर डिस्टिल्ड पाणी, शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण सुकवणं. लिंबाच्या रसाला तुम्ही दिलेला नकारही पटला: आम्ल चालेल, पण रसातली साखर नि चोथा बोर्डावर कशाला? हातमोजे मात्र घालायचेच, कॅडमियम विषारी आहे. काढलेली बॅटरीही घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्यायची.

धुतल्यावर बोर्ड दिसतो छान, आणि खरी फसगत तिथेच होते. अल्कली बोर्डावरच्या हिरव्या संरक्षक थराखालून, म्हणजे मास्कखालून, तांब्याच्या कडेकडेने सरकत जाते. जिथे ट्रॅक, म्हणजे वीज नेणारी तांब्याची रेघ, काळपट दिसतो किंवा मास्क फुगलेला वाटतो, तिथे फायबरग्लास पेनने मास्क खरवडून तांबं उघडं करावंच लागतं. हे काम अल्कोहोलने ओलं ठेवून करा, हा तुमचा आग्रह योग्यच. कोरडं घासलं तर काचेची कुसळं बोटांत शिरतात, आणि तांब्याची धूळ उडून शेजारच्या पिनांमध्ये जाऊन बसते.

गंजलेलं सोल्डर वितळत नाही म्हणून सोल्डरिंग आयर्नचं तापमान वाढवत नेण्याचा मोह होतो. तुम्ही कारण सांगितलंत: वरचा राखाडी थर उष्णता आतच जाऊ देत नाही, त्यामुळे सोल्डर तसंच राहतं आणि पॅड, म्हणजे पिन जोडायची तांब्याची चकती, उचकटतो. थर चकाकी दिसेपर्यंत खरवडायचा, सोल्डर नीट धरायला मदत करणारा फ्लक्स लावायचा, आणि ६३/३७ चं (कथील आणि शिसं) ताजं सोल्डर जुन्यात मिसळायचं. ते १८३ अंशांना वितळतं, त्यामुळे आयर्न ३३० अंशांवर ठेवला तरी काम भागतं. सॉकेट अख्खं उपटायचं नाही. आधी त्याचं प्लास्टिक तुकड्यांनी काढायचं, मग एकेक पिन तापवून चिमट्याने ओढायची. १४, १६, ४९ आणि ५३ या ५ व्होल्ट व ग्राउंडच्या पिना. त्या तांब्याच्या मोठ्या पट्ट्याला जोडलेल्या असल्याने हट्टी असतात, त्यांना जास्त वेळ द्यावा लागतो.

नव्या सॉकेटऐवजी ३२ पिनांच्या दोन टर्न्ड-पिन (गोल पिनांच्या) पट्ट्या वापरा, हा तुमचा सल्ला आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटला. अख्ख्या सॉकेटखाली वरच्या बाजूचे पॅड झाकले जातात. पट्ट्यांमुळे तिथे आयर्नही पोचतो आणि नजरही.

आता तक्त्याबद्दल. ६८००० ची प्रत्येक पिन बोर्डावर पुढे कुठे जाते, हे तुम्ही चौसष्टही ओळींत मांडलंत. पण त्याहून महत्त्वाचा होता ओहमचा रकाना. मल्टीमीटरचा बजर तीस-चाळीस ओहमपर्यंतही वाजतो. निम्मा खाल्लेला ट्रॅक म्हणूनच त्यात पास होतो, नि मशीन गरम झाल्यावर दगा देतो. प्रोबच्या तारांचा रोध वजा करून आकडा १ ओहमच्या आत हवा, आणि बोर्ड किंचित वाकवला तरी तो हलता कामा नये. आकडा हलला तर संशय व्हायावर, म्हणजे वरचा आणि खालचा ट्रॅक जोडणाऱ्या बारीक भोकावर. त्यातून तांब्याची बारीक तार ओवायची आणि दोन्ही बाजूंना दुमडून सोल्डर करायची. तुटलेल्या ट्रॅकसाठी ३० गेजची वायर-रॅप तार, मूळ मार्गानेच.

चिपच्या पायांबाबत एक फरक तुम्ही नेमका दाखवलात. काळे पडलेले पाय बहुतेकदा चांदीच्या मुलाम्यावरच्या सल्फाइडचे असतात, हिरवे पाय गळतीचे. काळ्यांना नुसतं पुसून काढलं तरी चालतं. हिरवा पाय मुळाशी तुटला असेल तर चिपचं काळं आवरण जपून घासून आतली धातूची पट्टी उघडी करायची आणि तिला नवा पाय जोडायचा. आधी वेळखाऊ वाटतं, पण जमतं.

वीज देण्याचा क्रमही तुमचाच पाळला. आधी मीटरने ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांत शॉर्ट नाही ना, हे बघायचं. मग चिप न बसवता १४ आणि ४९ वर ५ व्होल्ट. १५ वर क्लॉक, म्हणजे प्रोसेसरची लय ठरवणारे ठोके, पाल टीव्ही-पद्धतीच्या मशीनमध्ये ७.०९ मेगाहर्ट्झ. १८ वरचा रिसेटचा सिग्नल क्षणभर खाली (० व्होल्टजवळ) राहून वर (५ व्होल्टकडे) जायला हवा. प्रोसेसर बसवल्यावर १७ वरचा हॉल्ट, म्हणजे प्रोसेसर थांबल्याचा सिग्नल, वर जाऊन पुन्हा खाली बसला, तर बहुधा प्रोसेसरला धड सूचनाच मिळत नाहीयेत. काळा पडदा दिसला की लोक प्रोसेसर मेला म्हणून मोकळे होतात. पण हिरवा पडदा चिप रॅमचा, म्हणजे ग्राफिक्स-ध्वनीच्या चिपही वापरतात त्या मेमरीचा, दोष सांगतो आणि लाल पडदा रॉमच्या चेकसमचा, म्हणजे कायमच्या कोडच्या पडताळणीच्या बेरजेचा, आणि हे सांगायला आधी रॉममधला कोड चालावा लागतो. एक डेटा लाईन तुटलेली असली तर गाडी तिथपर्यंत पोचतच नाही.

घड्याळासाठी आता सीआर २०३२ चा सेल, बोर्डापासून दूर, तारांवर. सेलच्या धन टोकाला १एन४१४८ डायोडचा ॲनोड, पट्टीचं टोक बोर्डाकडे. म्हणजे जुनं चार्जिंग सर्किट सेलला चार्ज करू शकत नाही. डायोडमध्ये अर्ध्या व्होल्टच्या आसपास गेले तरी हरकत नाही, कारण एमएसएम ६२४२ बी ही घड्याळाची चिप २ व्होल्टपर्यंत वेळ राखते.

एक विनंती. तक्त्यात आम्ही शेजारशेजारच्या पिनांमधल्या रोधाचा एक रकाना वाढवला आहे, मेगाओहममध्ये, चिप काढलेल्या असताना मोजायचा. धुण्यात राहिलेली अल्कली दमट हवेत तिथेच आधी उघडी पडते. सगळ्याच पिनांच्या जोड्या सारख्या येत नाहीत. जिथे बोर्डावरच रेझिस्टर आहेत तिथे आकडा साहजिकच कमी दिसतो, त्या ओळींवर खूण केली आहे. तुम्ही नजर टाकून हो म्हणालात, तर हा वाढवलेला तक्ता मागेल त्याला देऊ.

आपले कृतज्ञ,
जुने संगणक चालते ठेवणारे काही जण