वणव्यानंतरचे हिरवे कोंब आणि फणसाडचे सांबर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

होळी जवळ आली की मुरूड आणि रोहा तालुक्यांतल्या डोंगरांवर रात्री आगीच्या माळा दिसू लागतात, आणि त्याबरोबर एक जुना युक्तिवादही दरवर्षी ऐकू येतो. गवत जाळले की नवे कोंब फुटतात, कोंबांवर जनावर येते, तेव्हा वणव्याने रानाचे भलेच होते, असा तो युक्तिवाद आहे. अलीकडे त्याला अमेरिकेचा दाखलाही जोडला जातो. तिकडे सरकारच जंगल पेटवते, जळलेल्या रानात एल्क हरणांचे कळप चरायला येतात आणि शिकारी त्यांच्या मागावर तिथेच जातात, असे सांगितले जाते. हे खोटे नाही, पण अर्धेच आहे. आणि त्या अर्ध्या माहितीवर आपले डोंगर जळत आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

एल्क हे आपल्या सांबराच्या कुळातलेच मोठे हरीण. १९८८ साली अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग, म्हणजे जवळजवळ आठ लाख एकर, आगीच्या तडाख्यात सापडला. उद्यानात हजारोंनी एल्क असताना प्रत्यक्ष आगीत आणि धुरात मेलेले एल्क साडेतीनशेच्या आसपासच निघाले. परंतु ते वर्ष दुष्काळाचे होते, हिवाळ्यात चरायची कुरणेही जळाली होती, आणि पुढच्या कडक हिवाळ्यात चाऱ्याअभावी त्याहून कितीतरी अधिक जनावरे दगावली. जनावर ज्वाळेपासून पळू शकते, ज्वाळेनंतरच्या उपासमारीपासून पळू शकत नाही. पुढे जळलेल्या जागी गवत आणि कोवळा पाला फुटला, हे खरे. पण सप्टेंबरात बर्फ पडून आग शमली होती आणि हिवाळ्यानंतर वितळत्या बर्फाची ओल जमिनीला मिळाली होती, हे विसरून चालणार नाही. तिथले वनाधिकारी मुद्दाम आग लावतात तेव्हाही वारा आणि गवतातला ओलावा पाहून, भोवती जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, आखून, माणसे उभी करून लावतात. अमेरिकेतली शिकारही परवान्याने आणि ठरलेल्या हंगामात होते, आणि मोठी आग लागली की तो भाग शिकाऱ्यांना बंद केला जातो.

आपल्याकडे पाऊस ऑक्टोबरात संपतो, जानेवारीपर्यंत सड्यांवरचे, म्हणजे डोंगरावरच्या कातळी पठारांवरचे, गवत वाळून कोरडे होते, वणवे लागतात ते फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, आणि पुढचा पाऊस येतो मृगाला. म्हणजे जळलेल्या डोंगराला दोन-तीन महिने पाण्याचा थेंब मिळत नाही. कातळावर जे चार कोंब फुटतात ते लगेच खाऊन संपतात आणि बाकीचा डोंगर जूनपर्यंत काळाच राहतो. दिवसभर दाट जाळीत दडून राहणारे सांबर आणि भेकर त्यामुळे उघड्यावर येतात, खाली वाडीत उतरतात आणि कुत्र्यांच्या, गाडीच्या नाहीतर फासकीच्या तावडीत सापडतात. आज अभयारण्य असलेले फणसाड हे एके काळी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव जंगल होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि फणसाड १९८६ मध्ये अभयारण्य झाले. पण चोरट्या शिकारीसाठी रान पेटवण्याची सवय आपल्या किनारपट्टीवरून गेली आहे, असे कोणाही गावकऱ्याने छातीवर हात ठेवून सांगावे. कोंबांवर येणारे जनावर दुरून नेमके टिपता येते, आणि कोंबांचा खरा फायदा होतो तो एवढाच, आणि तोही बंदूकवाल्याला.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात आमच्या गावामागच्या डोंगराला दुपारी आग लागली. समुद्रावरून वारा सुटला होता आणि उतारावर आग खालून वर चढते, त्यामुळे तासाभरात ती माथ्याजवळ पोहोचली. जांभळीच्या ओल्या डहाळ्यांनी झोडपत आम्ही पंधरा-वीस जणांनी रात्री अकराच्या सुमारास ती विझवली. सकाळी वर गेलो तेव्हा करवंदीच्या जाळ्या कच्च्या फळांसकट करपल्या होत्या. आमच्याबरोबरच्या एका कातकरी बाबांनी राखेत बोट दाखवले. रातवा हा पक्षी घरटे बांधत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. तिथे त्याची दोन अंडी तडकून पडली होती. ते बराच वेळ तिथेच बसून राहिले.

जाड सालीचे ऐन आणि साग अशा आगीतून तगतात, म्हणून दुरून पाहणाऱ्याला जंगल शाबूत वाटते. जळतात ती जांभूळ, अंजनी, हिरडा यांची हातभर उंचीची रोपे, म्हणजे पुढच्या पिढीचे जंगल. त्यांच्या जागी रानमोडी हे झुडपी तण माजते, ती वाळली की पुढचा वणवा अधिक भडकतो. मृगाच्या पहिल्या सरींनी राख आणि माती वाहून पऱ्ह्यांत आणि पाणवठ्यांत जाते. चिखलगाण, धरणाची गाण यांसारख्या फणसाडमधल्या गाणींवर, म्हणजे पाणवठ्यांवर, ऐन उन्हाळ्यात जनावरांची तहान अवलंबून असते, त्या गाळाने भरू देणे परवडणारे नाही.

यात सगळा दोष शेतकऱ्याच्या राबाला, म्हणजे भाताची रोपे तयार करण्याची जागा पालापाचोळा जाळून भाजण्याला, देणे मला मान्य नाही. आपल्या रोपांच्या जागेपुरता पालापाचोळा भाजणारा शेतकरी बहुधा जवळ उभा राहून भाजतो. अडचण होते ती भर दुपारी वाऱ्यात पेटवून निघून जाणाऱ्यांमुळे. राब सकाळी लवकर भाजावा आणि शेजाऱ्याला सांगून भाजावा, एवढे ग्रामसभेने ठरवले तरी पुष्कळ फरक पडेल.

माझी वनखात्याकडे आणि जिल्हा प्रशासनाकडे मुख्य मागणी जाळरेषांची आहे. गवत पेटायला लागल्यावर जाळरेषा काढण्यात अर्थ नाही; दिवाळीनंतर काम सुरू करून जानेवारीअखेर ते पुरे झाले पाहिजे, आणि ते अभयारण्याच्या हद्दीवर थांबता कामा नये. कोकणातले बरेचसे रान मालकीचे आहे, आणि आग सातबारा पाहून थांबत नाही. मालकांची संमती घेऊन ही कामे रोजगार हमीत धरावीत, आणि सड्यांवरचे गवत वाळण्याआधी कापून गुरांसाठी नेण्याला उत्तेजन द्यावे. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहावर टिपलेल्या आगींच्या सूचना येतात; त्या कार्यालयात न राहता त्याच तासात गावातल्या चार तरुणांच्या मोबाइलवर याव्यात. आमच्या गावात असे तरुण तयार आहेत. त्यांना झोडपायला नीट साधने, पायांत बूट आणि विम्याचे संरक्षण मिळावे, अशी विनंती या पत्राद्वारे करीत आहे.

आपला,
एक वाचक
मुरूड तालुका, जि. रायगड